शेवटच्या बाकावरून मेजापर्यंत

शुक्रवारी, प्रश्नाच्या दिवशी, फिनले मॅकरिचीनं भर देवळात धाकट्या भावाचं नाव न घेता त्याची यथेच्छ धुलाई केली, आणि थोड्याच वेळात दोघं भाऊ घरी एकाच टेबलाशी समोरासमोर बसून मटणाचं सूप प्यायला लागले. पाहुण्यांची पंगत आधी उरकली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एका मेजाशी भाकर खाण्याच्या, दिवसांत मॅकरिचींच्या घरी पाय ठेवायला जागा नसते; कोणी माळ्यावर झोपतं, कोणी फिनलेच्या हातमागाच्या शेडमध्ये सुताच्या गठ्ठ्यांवर. पाहुणे समुद्राकडे फिरायला गेले, तेव्हा कुठे घरच्यांना बूड टेकायला मिळालं.

शुक्रवारचा दिवस पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, नसतो, साध्या माणसांचा असतो. चर्चच्या मंडळीच्या पंचांपैकी एकजण उभा राहून प्रश्न घालतो, खऱ्या विश्वासणाऱ्याच्या खुणा कोणत्या आणि नुसत्या नावाच्या विश्वासणाऱ्याच्या कोणत्या, आणि मग कोळी, विणकर, मेंढपाळ असे एकेक जण उठून आपल्याला देवानं काय दाखवलं ते सांगतात. या वर्षी प्रश्न घालायची पाळी फिनलेची होती. "वरून येणारं शहाणपण आणि जगाचं ज्ञान, दोन्हींच्या खुणा सांगा," असं म्हणून त्यानं खाली बसायला हवं होतं. पण तो बसला नाही. वरच्या शहाणपणाच्या खुणा त्यानं स्वतःच मोजून दाखवल्या, आणि वर आणखी बोलला. शास्त्र मूळ भाषांत वाचणारे पुष्कळ आहेत, तो म्हणाला, पण ज्यानं ते लिहवून घेतलं त्याच्याशी ओळखदेख नसली तर त्या भाषा कॉलेजात पगार मिळवण्यापुरत्याच कामाच्या. म्हाताऱ्यांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. मूळ भाषा वाचून पगार घेणारा अख्ख्या बेटावर एकच होता, प्रोफेसर रेव्हरंड इव्हर मॅकरिची. तो बुधवारच्या बोटीनं एडिंबरोहून आला होता आणि शेवटच्या बाकावर आईशेजारी बसला होता.

"आज टॉर्मड असायला हवा होता," बेहाक आत्या सूप फुंकत म्हणाली. टॉर्मड म्हणजे तिचा भाऊ, या दोघांचा बाप. पंचांमधला मोठा दरारा असलेला माणूस. "तुझ्या तोंडून आज त्याचाच आवाज ऐकला मी, फिनले."

"मीही ऐकला, आत्या," इव्हर म्हणाला. "लहानपणी उशीत तोंड खुपसून ऐकायचो, तोच."

"लागलं वाटतं प्रोफेसरसाहेबांना?" फिनले म्हणाला.

"लागलं की. पण प्रश्न चांगला होता. खुणाही तू बरोबर सांगितल्यास. वरचं शहाणपण सौम्य असतं, सलोखा करतं, दुसऱ्याचं ऐकून घेतं. तू ते ओरडून सांगितलंस, एवढंच."

फिनलेची बायको एफी चुलीकडे तोंड फिरवून खुदकन हसली. फिनलेनं तिच्या पाठीकडे डोळे वटारले.

"तुझी हिब्रू ठेव तिकडे एडिंबरोत."

"हिब्रू नव्हे रे, तो भाग ग्रीकमध्ये आहे."

"बघा!" आत्या विजयानं म्हणाली. "हे असं असतं. मला नाही कधी ग्रीक लागली. फेब्रुवारीतला मंगळवार होता, मी गाईचं दूध काढत होते, आणि वचन आलं ते असं सरळ..."

"काळजात घुसलं," दोघं भाऊ एकदम म्हणाले. आत्याच्या तारणाचा मंगळवार घरात गाईलासुद्धा पाठ असावा.

तेवढ्यात गॉर्मलनं, त्यांच्या आईनं, पळी पातेल्यात ठेवली. ती अजून उभीच होती. सगळ्यांना वाढून झाल्याखेरीज ती बसत नसे, आणि सगळ्यांना वाढून कधी होत नसे.

"तुमचं भांडण आटपलं असेल तर सांगते," ती म्हणाली. "उद्या मी पंचांपुढे जाणार आहे. बिल्ला मागायला."

फिनलेचा चमचा तोंडाशी थांबला.

आमच्या बेटावर लोक पाप करायला भितात, पण प्रभूच्या मेजाशी बसायला त्याहून जास्त भितात. जन्मभर न चुकता देवळात जातील, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतील, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकांवर बसून राहतील, कारण 'मी लायक नाही.' भलीभली देवमाणसं अशी मागच्या बाकांवरून थेट कबरस्तानात गेली. जायचं असेल त्यानं शनिवारी पंचांच्या खोलीत जायचं. तिथे ते विचारतात, पारखतात, आणि पटलं तर शिशाचा छोटा बिल्ला हातात देतात. बिल्ला नाही तर मेज नाही. गॉर्मलच्या हातचं खाऊन पंचांच्या तीन पिढ्या मेजाशी जाऊन बसल्या, आणि ती स्वतः दर वेळी शेवटच्या बाकावर.

पण तिची गोष्ट नुसत्या भीतीची नव्हती, हे फिनलेला माहीत होतं. ती एकदा गेली होती. थोरला कॅलम होडीसकट बुडाला त्याच्या पुढच्या वर्षी. फिनले तेव्हा शाळेत होता. पंचांनी तिला विचारलं होतं, देवानं मुलगा नेला, त्याच्या इच्छेपुढे तू मान तुकवलीस का? ती म्हणाली होती, "अजून नाही." तेव्हा, तुकवशील तेव्हा ये, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. टॉर्मड त्याच खोलीत बसला होता. तो टोपीकडे बघत राहिला, एक शब्द बोलला नाही. घरी येऊन तिनं बटाटे सोलायला घेतले. यावर त्या घरात पुन्हा कधी कोणी बोललं नाही, आणि फिनलेनं तर मनातल्या मनातही तो दरवाजा उघडला नव्हता.

आता बापाच्या खुर्चीवर फिनले बसत होता. उद्या ती आत येईल तेव्हा विचारणाऱ्यांत तो असणार होता. या वयात तिला पुन्हा नकार मिळाला, तर तो त्याच्याही तोंडचा असणार होता.

"आई," तो म्हणाला, "तुझ्याकडे सांगायला काय आहे?"

"सांगायला?"

"तारीख, वचन. प्रभूनं तुझ्यात काम केव्हा सुरू केलं, कोणत्या वचनानं. कॉनिखकाका पहिलं तेच विचारणार. त्यांनी गेल्या खेपेला दोघांना परत पाठवलंय."

"माझा मंगळवार नाहीये," गॉर्मल म्हणाली. आत्यानं तोंड वाकडं केलं.

"तारखेचं काय एवढं?" इव्हर म्हणाला. "नीट समजून उत्तरं देता आली की झालं. आई, मी तुला थोडक्यात सगळं सांगतो. कृपा म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय..."

"म्हणजे तिला तू प्रोफेसर करणार!" फिनले उसळला.

"आणि तू काय करणार? नाटकातली नटी? तारीख शिकवणार, रडायचं कुठे ते शिकवणार!"

"इव्हर!" एफी म्हणाली. पण फिनलेला वर्मी लागलं ते लागलंच, कारण असंच काहीतरी शिकवायचा त्याचा खरोखरच विचार होता.

शनिवारी सकाळी घरात एकच धांदल होती. रविवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; पाणी भरायचं नाही, चूल ढवळायची तेवढीच, विळी-सुरीला हात लावायचा नाही. म्हणजे दोन दिवसांचं काम एका दिवसात. गॉर्मलनं दोन्ही मुलांना बोलावून दोघांच्या मधे बटाट्यांची बादली ठेवली.

"काय शिकवायचं ते शिकवा. पण हात चालू द्या."

मग एडिंबरोचे प्रोफेसर आणि मंडळीचे पंच समोरासमोर स्टुलांवर बसून बटाटे सोलू लागले, आणि म्हातारी मेंढीचं मांस कापता कापता ऐकू लागली. इव्हरनं सुरुवात केली. तो चांगला शिकवायचा, हे फिनलेला नाइलाजानं कबूल करावं लागलं. शब्द सोपे, मांडणी स्वच्छ, एकातून एक निघत जाणारी. गॉर्मल अधूनमधून मान हलवायची.

"कळलं का, आई?"

"कळलं रे. छान सांगतोस. पूर्वी तू मला जहाजाचं इंजिन कसं चालतं ते सांगायचास, तसंच वाटलं. तेव्हाही मला सगळं कळायचं."

"मग?"

"मग काही नाही. मला इंजिन चालवायचं नव्हतं, बाळा. मला पलीकडे जायचं होतं."

इव्हरनं सुरी खाली ठेवली. फिनलेला आनंदाची उकळी फुटली, आणि तो खुर्ची पुढे सरकवावी तसं स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "आता माझं ऐक. ते विचारतील, केव्हापासून? तू सांग, कॅलम गेल्यावर मी अंधारात होते, पापाच्या ओझ्यानं वाकले होते, मग एक दिवस..."

"कोणत्या दिवशी?"

"कोणताही धर. आपण कापणीचा धरू."

"फिनले," गॉर्मल म्हणाली, आणि मांसावरचा हात थांबवून त्याच्याकडे बघितलं, "कॅलम गेल्यावर मी पापाच्या ओझ्यानं वाकले नव्हते. मला राग आला होता."

"ते तिथे बोलू नकोस!"

"बटाट्याला डोळे राहिलेत तुझ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा कापायला लागली.

आईबद्दल फिनलेला माया दाटून आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. सगळा जन्म त्यानं स्वतःला पुस्तकी ज्ञानापासून दूर राहिलेला सरळ माणूस मानलं होतं. इव्हरकडे व्याख्या होत्या, आपल्याकडे अनुभव आहे, असा त्याचा ताठा. आणि आज तोच आपल्या आईला अनुभव पाठ करून घ्यायला सांगत होता. समोर इव्हर बटाट्यातले डोळे काढत होता, खूप काळजीपूर्वक, जणू त्यावर परीक्षा होती.

"तिला ते घेणार नाहीत, नाही का?" इव्हर हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"नाही घेणार," फिनले म्हणाला.

शनिवारची दुपारची उपासना सुटली तेव्हा पंचांच्या खोलीबाहेरच्या भिंतीशी नेहमीसारख्या सात-आठ बायका घोटाळत होत्या. या दरवर्षीच्या. दारापर्यंत यायचं, भिंतीला टेकून उभं राहायचं, आणि 'यंदा नको, पुढच्या खेपेला' म्हणत घरी जायचं. गॉर्मल त्यांच्यातून वाट काढत पुढे गेली. फिनलेनं तिला खिडकीतून पाहिलं आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. मग आपण ती नेमकी तशीच ठेवली आहे हे लक्षात येऊन त्यानं ती पटकन खुर्चीखाली सारली.

टेबलाच्या टोकाला पाळक मॅकस्वीन बसले होते, भला पण भिडस्त माणूस. त्यांच्या उजव्या हाताला कॉनिखकाका, पंचांतले सर्वांत ज्येष्ठ. गॉर्मलला त्या वेळी परत पाठवणाऱ्यांतले आता तेवढेच जिवंत होते.

"बसा, गॉर्मलबाई," पाळक म्हणाले.

"उभीच बरी आहे."

"गॉर्मल," कॉनिखकाकांनी घसा साफ केला, "प्रभूनं तुझ्यात काम केव्हा सुरू केलं?"

"मला नाही माहीत."

"कोणत्या वचनानं?"

"तेही नाही सांगता येणार. सगळीच ऐकली आहेत. कुठलं केव्हा आत शिरलं, कोण बघत होतं."

खुर्च्या करकरल्या. पाळकांनी कॉनिखकाकांकडे पाहिलं, कॉनिखकाकांनी टेबलाकडे.

"मागे तू आली होतीस तेव्हा एक प्रश्न विचारला होता," ते सावकाश म्हणाले. "तोच विचारतो. कॅलमच्या बाबतीत देवापुढे मान तुकवलीस का?"

फिनलेचा जीव टांगणीला लागला. हो म्हण, आई, त्यानं मनात म्हटलं. तीस वर्षं झाली. नुसतं हो म्हण.

"कॅलम गेला ते मला अजून पटलेलं नाही," गॉर्मल म्हणाली. "खोटं कशाला बोलू? रोज सकाळी मी देवाला विचारते, का नेलंस? आणि रोज सकाळी त्याच्याकडेच जाते विचारायला. दुसरीकडे जायला मला घर नाही, कॉनिख. असतं तर गेले असते, एवढा राग होता."

"मग मेजाशी कशाच्या बळावर येणार?"

"बळ कुठलं? मला भूक आहे." तिचा आवाज कापत होता, पण ती बोलतच राहिली. "तुम्ही सगळे माझ्या घरी जेवला आहात. तूही, कॉनिख, दर वर्षी, खारवलेली हेरिंग मासळी दोनदा वाढून घेतोस. पावसातून चालत आलेला, ओळखीचा, बिनओळखीचा, जो दारात उभा राहिला त्याला मी आत घेतलं. तोंडाकडे बघितलं की कळतं कोण भुकेला आहे ते. मी कधी कोणाला विचारलं नाही, बाबा रे, तुला भूक नक्की कोणत्या दिवशी लागली? मी एवढीशी बाई. मी विचारत नाही, आणि तो विचारेल?"

पाळकांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि ते पुसतच राहिले.

"बोलणं मनाला भिडणारं आहे," कॉनिखकाका अखेर म्हणाले. "पण हा हिशेब झाला नाही, गॉर्मल. तारीख नाही, वचन नाही, आणि देवाशी वाद चालू. रीत आहे ती मी एकट्यानं कशी मोडू? टॉर्मडसारख्या माणसालाही त्या वेळी समाधान वाटलं नव्हतं. तो याच खोलीत होता आणि तुझ्या बाजूनं एक शब्द..."

"म्हणूनच मला बोलायचंय," फिनले म्हणाला.

आपण उभे राहिलोय हे त्याला नंतर कळलं. शुक्रवारी अख्ख्या देवळापुढे बोलताना त्याची जीभ अडखळली नव्हती. आता सहा माणसांपुढे तोंड कोरडं पडलं होतं.

"काल मी प्रश्न घातला, वरचं शहाणपण कसं ओळखायचं. खुणा मीच सांगितल्या. सौम्यपणा, दया, ऐकून घेणं. आणि त्या खुणा लावून बघायला मी माझा भाऊ निवडला. माझ्या स्वयंपाकघरात मी बघितलंच नाही. आज सकाळी मी आईला तुमच्यासाठी खोटी तारीख शिकवत होतो, कॉनिखकाका. हो, मी. शिकली असती तर तुम्ही लगेच बिल्ला दिला असता, आणि मी खूश झालो असतो. ती शिकली नाही. इव्हर पुस्तकातलं शिकवत होता, तेही तिनं घेतलं नाही. तुम्ही मला विचाराल की तिला काय ठाऊक आहे, तर मला सांगता येणार नाही. पण माझा अनुभव काय आणि इव्हरची पुस्तकं काय, दोन्ही एकाच दुकानातला माल आहे, हे आज मला कळलं, आणि ते तिच्यामुळे कळलं. माझे वडील त्या वेळी गप्प बसले. मी नाही बसणार. तिला आत घ्यायचं नसेल तर मलाही बाहेर काढा. या बाईला बाहेर ठेवून मी मेजाशी बसूच शकत नाही."

बोलून झालं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. बाप असता तर काय म्हणाला असता, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पडला नाही.

कॉनिखकाका बराच वेळ गॉर्मलच्या तोंडाकडे बघत बसले. मग त्यांनी टेबलाला हात टेकून आपलं थकलेलं शरीर उठवलं, पेटीतून एक बिल्ला काढला, आणि पाळकांच्या हाती न देता स्वतः तिच्यापर्यंत चालत गेले.

"दोनदा नाही," ते म्हणाले. "हेरिंग मी तीनदा घेतो."

"माहीत आहे," गॉर्मल म्हणाली, आणि हात पुढे केला.

ती बाहेर पडली आणि दार तसंच उघडं टाकून गेली. बाहेर भिंतीपाशी बायकांनी तिला घेरलेलं फिनलेला दिसत होतं. काय विचारलं? काय विचारलं गं? त्यावर गॉर्मल काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं दारात सावली पडली. सुताराची विधवा कॅट्रियोना, जी त्या भिंतीला टेकून म्हातारी झाली होती, उंबऱ्यावर उभी होती.

"मलाही काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "येऊ का?"

तिच्यामागे आणखी एक होती. तिच्यामागे आणखी. पंचांची सभा त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चालली, आणि पेटीतले बिल्ले कमी पडतात की काय, याची पाळकांना काळजी लागली. मॅकरिचींच्या घरी बेहाक आत्यानं बातमी ऐकली. मग तिनं एफीला हाक मारली.

"माझा काळा रेशमी रुमाल आण गं पेटीतला. उद्या गॉर्मल बांधेल. मला तो घट्ट होतो हल्ली."

रविवारी देऊळ तुडुंब भरलं. पुढे लांबलचक मेज, त्यावर पांढरीशुभ्र चादर, आणि दोन्ही टोकांना बिल्ले घ्यायला पंच. उजव्या टोकाला फिनले. पाळकांनी कोणी यावं आणि कोणी येऊ नये ते सांगितलं. मग गावचा स्तोत्र उचलून देणारा उठला, त्यानं पहिली ओळ एकट्यानं म्हटली, आणि सगळी मंडळी त्याच्यामागून हळूहळू उसळली. आमच्याकडे स्तोत्र म्हणतात ते असं, प्रत्येकजण आपापल्या वाटेनं वर चढतो आणि शेवटी सगळे एकाच जागी पोचतात. स्तोत्र चालू असेपर्यंतच यायची वेळ. ते संपलं की मेज भरलं असं धरतात.

लोक यायला लागले. इव्हर आला, बिल्ला फिनलेच्या तळहातावर ठेवताना त्यानं क्षणभर त्याची बोटं दाबली. आत्या आली. कॅट्रियोना आली, भिंतीच्या आधारानं नव्हे तर मधल्या वाटेनं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

गॉर्मल आली नाही.

फिनलेनं मान उंचावून मागे पाहिलं. ती शेवटच्या बाकावर होती, काळा रुमाल बांधून, दोन्ही हात समोरच्या बाकाच्या कडेवर. बसूनच. हे त्यानं पूर्वी पाहिलं होतं. माणसं बिल्ला मिळवतात, रात्रभर मुठीत धरून झोपतात, आणि सकाळी पाय उचलत नाही; मन आयत्या वेळी म्हणतं, मी कोण? आणि मग ती पुन्हा कधी विचारतही नाहीत. तिसरं कडवं सुरू झालं. स्तोत्र म्हणणाऱ्यानं फिनलेकडे पाहिलं, आणखी लांबवू का, अशा नजरेनं.

पंचानं मेजाची जागा सोडायची नसते. फिनलेनं हातातले बिल्ले शेजारच्याच्या हातात ओतले आणि तो मधल्या वाटेनं चालायला लागला, येणाऱ्या लोकांच्या उलट दिशेनं. गाणाऱ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले. लोक काय म्हणतील याची त्याला जराही पर्वा वाटली नाही. काय बोलायचं ते तो जुळवत होता. भिऊ नकोस म्हणावं, तो मोठ्या मनाचा आहे म्हणावं, तूच काल म्हणालीस ना, म्हणावं.

तो शेवटच्या बाकापाशी पोचला आणि वाकला.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "भिऊ नकोस गं..."

"भितंय कोण?" गॉर्मल दबक्या आवाजात म्हणाली. "गुडघा धरलाय मेला. मघापासून उठायला बघतेय. तू काय बघत उभा होतास तिकडे? हात दे."

फिनलेला भर देवळात, शब्बाथाच्या दिवशी, पंच असताना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, कारण आईनं दोन्ही हात धरून आपला सगळा भार त्याच्यावर टाकला होता. ती उठली. गुडघा कडकन वाजला.

स्तोत्र म्हणणाऱ्यानं चौथं कडवं उचललं, मग पाचवं. नेहमी म्हणायची तेवढी कडवी केव्हाच संपली होती, पण तो थांबला नाही आणि मंडळीही थांबली नाही. कधी नव्हे ते मागच्या बाकांवरची माणसंसुद्धा उभी राहून गात होती. गॉर्मल लंगडत, घाई न करता, एकेका बाकाला मागे टाकत पुढे निघाली. मेजाशी पोचल्यावर तिनं फिनलेचा हात सोडला, बिल्ला दिला, आणि कॉनिखकाकांनी स्वतः सरकून करून दिलेल्या जागेवर बसली. फिनले आपल्या टोकाला जाऊन उभा राहिला. भाकर हातोहात सरकत आली. इव्हरनं ती आईसमोर धरली, आणि जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेली ती बाई बसल्या जागी जेवली.